कृषिप्रदर्शन आणि पिकाची पारख : खारेपाटातील भाताच्या संदर्भात

शेतमालाचे प्रदर्शन ही संस्था महाराष्ट्रात इतकी परिचयाची झाली आहे की, तिच्या स्वरूपाचा स्वतंत्र विचार करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. मांडव घालावा, मेजावर कणसे, शेंगा व धान्याच्या राशी मांडाव्यात, बाहेरच्या पटांगणात जनावरे बांधावीत, परीक्षकांनी फिरून क्रमांक लावावेत आणि अखेरीस एखाद्या मान्यवराच्या हस्ते पारितोषिके वाटावीत, असा हा क्रम ठरून गेला आहे. तथापि पारितोषिक देताना नेमकी कशाची परीक्षा होते, हा प्रश्न या क्रमात बहुधा झाकला जातो. मेजावरचे कणीस आणि शेतातले पीक यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. पनवेलसारख्या तालुक्यात तर हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. येथे गोड्या जमिनीतले भात आणि खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतले भात अशी दोन निराळी पिके शेजारी शेजारी उभी असतात, आणि एकाची पारख करणारी दृष्टी दुसऱ्याच्या बाबतीत हमखास चुकते.

प्रदर्शनाच्या आधीची संस्था म्हणजे जत्रा. खोपोलीजवळच्या साजगाव येथे कार्तिकी एकादशीस भरणारी विठोबाची यात्रा सुक्या मासळीच्या बाजारामुळे ‘बोंबल्या विठोबाची यात्रा’ या नावानेच ओळखली जाते. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेला भरणारी जत्रा बैलांच्या व घोंगड्यांच्या खरेदीविक्रीसाठी प्रसिद्ध आहे. आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत गाईबैलांबरोबर घोडे, उंट आणि गाढवेही येतात. या बाजारांत जनावराची जी पारख होते ती अत्यंत बारकाईची असते. दात मोजून वय ठरविले जाते, खुरांची ठेवण पाहिली जाते, बैल चालवून व जुंपून पाहिला जातो. परंतु या ज्ञानाचे एक लक्षण असे की, ते गुप्त असते. उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची हेड्यांची जुनी रीत सर्वश्रुत आहे. कोणता बैल कोणत्या गुणामुळे कितीला गेला हे शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यास कळू नये, हाच त्या उपरण्याचा हेतू होय. जत्रेत पारख होते, पण तिची कारणे जाहीर होत नाहीत. विकत घेणाऱ्यापुरती ती खरी ठरली म्हणजे तिचे कार्य संपले.

पनवेलला या प्रकारच्या व्यवहाराचा एक जुना नमुना होता, आणि तो जत्रेचाही नव्हे, रोजच्या बाजाराचा होता. १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाल्यावर देशावरचा माल पनवेलच्या बंदरात उतरू लागला, आणि घाट उतरून आलेल्या गाड्यांसाठी चाके तयार करणे हा गावातील प्रमुख धंदा बनला. देशावरून येणारी गाडी परतताना पनवेलहून चाकांची जोडी घेऊन जाई, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आढळते. या चाकास कोणी पारितोषिक दिले नाही. घाट चढताना ते टिकले की नाही, एवढीच त्याची परीक्षा होती आणि ती पुरेशी होती. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली व पनवेलचे बंदर मागे पडले. पण तो विषय येथे अप्रस्तुत आहे.

जत्रेहून निराळी अशी प्रदर्शनाची कल्पना अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आकारास आली. एल्काना वॉटसन या गृहस्थाने मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड गावी १८०७ साली दोन मेरिनो मेंढ्या सार्वजनिक चौकात आणून दाखविल्या. लोक पाहावयास जमले, आणि एवढ्याशा गोष्टीने जर गर्दी होते तर मोठ्या योजनेने काय होईल, या विचारातून १८१० चे पशुप्रदर्शन व १८११ ची बर्कशायर कृषिसंस्था उभी राहिली. येथे विक्री हा मुख्य हेतू नव्हता. शेजाऱ्याशेजाऱ्यांमध्ये चढाओढ लावणे, पहिला क्रमांक कोणाचा हे सर्वांसमक्ष ठरविणे, आणि तो का पहिला हे लोकांना पाहता येणे, हे त्यातील नवीन तत्त्व होते. उपरण्याखालचा सौदा उघड्यावर आणण्याचाच तो प्रकार म्हणता येईल. पुढे प्रत्येक परगण्यात असे मेळावे भरू लागले. १८४१ मध्ये सिराक्यूज येथे न्यूयॉर्क राज्याचे पहिले प्रदर्शन झाले, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकन खेड्याच्या वार्षिक जीवनात या मेळाव्यास आपल्याकडील ग्रामदैवताच्या यात्रेसारखे स्थान प्राप्त झाले होते.

हिंदुस्थानात प्रदर्शन आले ते निराळ्या वाटेने. १८६५ च्या डिसेंबरमध्ये मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने नागपूर येथे कला, कारागिरी व उत्पन्न यांचे मोठे प्रदर्शन भरले. १८६८-६९ मध्ये भडोच येथे दुसरे भरले. ही प्रदर्शने शासनाने भरविलेली होती. प्रांतात काय पिकते व त्यांतील कशाचा व्यापार होऊ शकेल, हे पाहण्यास ती उपयुक्त ठरली. शेतकरी त्यांत वस्तू पुरविणारा म्हणून होता. शिकणारा किंवा परीक्षा करणारा म्हणून नव्हता. अमेरिकेत शेतकऱ्यांच्या संस्थांनी प्रदर्शन उभारले व नंतर राज्याने त्यास साहाय्य केले, तर येथे हा क्रम नेमका उलटा झाला. पुढील अनेक वर्षे या संस्थेस जो सरकारी रंग चढला, त्याचे मूळ या उलट्या क्रमात शोधावे लागते.

या पार्श्वभूमीवर जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथातील एक सूचना विशेष लक्ष वेधून घेते. शेतकऱ्यांच्या स्थितीवर उपाय सुचविताना फुल्यांनी दर वर्षी श्रावण महिन्यात प्रदर्शने भरवावीत, आश्विन महिन्यात शेतपिकांच्या व औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात, उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत आणि दर तीन वर्षांनी त्यांना पदव्या द्याव्यात, अशी मागणी केली आहे. तिचे महत्त्व बक्षिसात नसून तिच्यातील भेदात आहे. प्रदर्शन व परीक्षा या दोन गोष्टी फुल्यांनी वेगळ्या ठेवल्या, आणि त्यांचे महिनेही वेगळे सांगितले. आश्विनात खरिपाचे पीक शेतात उभे असते, औत हाकणे ही तर क्रियाच आहे. या दोहोंची परीक्षा मांडवातील मेजावर होऊ शकत नाही, ती शेतातच घ्यावी लागते. तत्कालीन शासकीय प्रदर्शनांच्या कल्पनेत या भेदास स्थान नव्हते. फुल्यांची भाषा अभ्यासकांनी पुष्कळ चर्चिली आहे. पण कृषिशिक्षणाच्या इतिहासात या एका वाक्याची जितकी दखल घ्यावयास हवी होती तितकी घेतली गेली नाही.

हा भेद किती मोलाचा होता हे अमेरिकेस वीस-पंचवीस वर्षांनी, आणि बऱ्याच खर्चाने, कळून आले. तेथील मक्याच्या प्रदर्शनांचा इतिहास या दृष्टीने तपशिलाने पाहण्यासारखा आहे.

१८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ‘रीड्स यलो डेंट’ या जातीच्या मक्यास पारितोषिक मिळाले. कणीस सरळ व दंडगोल, दाण्यांच्या ओळी एकसारख्या, बूड व शेंडा दाण्यांनी पूर्ण भरलेला, असे त्याचे रूप होते. हे रूप हळूहळू आदर्श ठरले. गुणांचे तक्ते तयार झाले. कणसाची लांबी किती, घेर किती, ओळी किती सरळ, दाण्याचा रंग किती एकसारखा, यांपैकी प्रत्येकास ठरावीक गुण देण्यात येऊ लागले. स्पर्धकाने दहा कणसे आणावीत, परीक्षकाने ती पट्टीने मोजावीत, आणि बेरजेवरून क्रमांक लावावा, अशी पद्धती रूढ झाली. कृषिमहाविद्यालयांतून मक्याची परीक्षा हा अभ्यासाचा विषय बनला. आयोवा राज्यात प्राध्यापक पेरी होल्डन यांनी १९०४ मध्ये खास आगगाड्या काढून स्थानकास्थानकावर उत्तम बियाण्याविषयी व्याख्याने दिली. त्याच वर्षी सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात इलिनॉयमधील शाळकरी मुलांनी पिकविलेल्या कणसांचे ढीग रचण्यात आले. १९०८ च्या डिसेंबरात ओमाहा येथे तर केवळ मक्याचे राष्ट्रीय प्रदर्शन भरले. एखाद्या पिकाविषयी इतका उत्साह कोणत्याही देशात क्वचितच दिसून आला असेल.

या उत्साहास छेद देणारा प्रयोग एका शाळकरी मुलाने केला, हे त्या इतिहासातील मोठे मनोरंजक प्रकरण होय. हेन्री वॉलेस हा पुढे कृषिमंत्री व १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. परंतु १९०४ च्या सुमारास तो जेमतेम सोळा वर्षांचा होता. सुंदर कणसाचे पीक अधिक येते कशावरून, असा त्याचा प्रश्न होता. होल्डन यांनीच क्रमांक लावलेली कणसे त्याने घेतली, प्रत्येक कणसाचे दाणे स्वतंत्र ओळीत पेरले, आणि हंगामाच्या शेवटी प्रत्येक ओळीचे उत्पन्न वेगवेगळे तोलले. परीक्षकाचा क्रम आणि तराजूचा क्रम यांचा मेळ बसला नाही. सर्वांत देखणी ठरलेली कणसे उत्पन्नात मागे पडली. पुढील काही वर्षांत निरनिराळ्या राज्यांच्या प्रयोगकेंद्रांतूनही हीच गोष्ट निष्पन्न झाली. ओळींचा सरळपणा, शेंड्याचा भरीवपणा आणि एकरी उत्पन्न यांच्यात भरवसा ठेवावा असा संबंध आढळून आला नाही.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. मका हे परपरागित पीक आहे. कणसाचे दृश्य रूप हे काही अंशी त्या झाडाला लाभलेल्या जागेचा, खताचा व मोकळीकीचा परिणाम असतो, आणि काही अंशीच त्याच्या आनुवंशिक गुणांचा. शिवाय एका झाडाचे कणीस मोठे असणे आणि एकरभर झाडांचे एकूण वजन अधिक भरणे या भिन्न गोष्टी आहेत. दाटीत वाढताना कोणते झाड तग धरते, वारा आल्यावर कोणते उभे राहते, रोगाला कोणते बळी पडते, यांपैकी काहीही दहा कणसांच्या मेजावर दिसत नाही. उलट एका ठरावीक रूपाचीच निवड पुनःपुन्हा केल्याने बियाण्याचा वाण संकुचित होत जातो. परीक्षकांचा हेतू शुद्ध होता, त्यांचे मोजमाप काटेकोर होते. परंतु जे मोजावयास हवे ते सोडून जे मोजता येते ते मोजले जात होते. १९२० मध्ये आयोवात मक्याच्या उत्पन्नाची जाहीर चाचणी सुरू झाली. तीत कणसे कोणी पाहिली नाहीत. स्पर्धकाचे बियाणे अनेक ठिकाणी पेरून पीक तोलण्यात आले. १९२४ मध्ये वॉलेसच्या संकरित वाणास या चाचणीत सुवर्णपदक मिळाले, आणि तेथून संकरित मक्याचा इतिहास सुरू होतो.

दक्षिणेकडील राज्यांतील मुलांच्या मका-मंडळांनी मध्यम मार्ग स्वीकारला होता, तोही नमूद करण्यासारखा आहे. तेथे मुलाने एक एकर शेत स्वतः करावयाचे असे. शंभरांपैकी ३० गुण एकरी उत्पन्नास, ३० गुण नफ्यास, २० गुण लागवडीच्या लेखी हकिकतीस, आणि कणसांच्या नमुन्यास फक्त २० गुण असत. देखणेपणास एकपंचमांश वाटा देऊन उरलेला व्यवहारास देणारी ही गुणपत्रिका त्या काळच्या अनेक महाविद्यालयीन तक्त्यांपेक्षा शहाणपणाची होती. तिचा जनक सीमन नॅप हा होय. १९०३ साली टेक्ससमधील टेरेल गावी, प्रयोगक्षेत्रावर नव्हे तर एका शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत, त्याने सुधारित पद्धतीचे प्रात्यक्षिक करविले, आणि तोटा आल्यास तो भरून देण्यासाठी गावकऱ्यांनी निधी जमविला. शेतकऱ्यास जे दाखवावयाचे ते त्याच्याच शेतात व त्याच्याच हातून घडावे, ही कल्पना १९१४ च्या कृषिविस्तार कायद्याने त्या देशात सर्वत्र पसरली.

मुंबई इलाख्यात याच काळात कृषिखाते आकार घेत होते. १९०७ पासून पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य असलेले व १९१८ नंतर खात्याचे संचालक झालेले हॅरॉल्ड मॅन हे प्रदर्शनाविषयी आंधळा उत्साह बाळगणारे नव्हते. पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शेतकऱ्याच्या जमाखर्चाचाही विचार आहे. ऑक्टोबर १९२६ मध्ये पुण्यास जे मोठे कृषिप्रदर्शन भरले, ते त्यांच्याच कारकीर्दीत. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषि आयोगाचे काम त्याच महिन्यात सुरू झाले होते. १९२८ च्या आपल्या अहवालात आयोगाने प्रदर्शनांचे महत्त्व मान्य केले, पण प्रचाराचे मुख्य साधन म्हणून शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातील प्रात्यक्षिकावर भर दिला.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. सर्वच वस्तूंच्या बाबतीत डोळ्यांची साक्ष अपुरी असते असे नाही. लोखंडी नांगराचे उदाहरण घ्यावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावी नांगर तयार करण्यास आरंभ केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे पहिले नांगर बराच काळ विकले गेले नाहीत. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढील दोन दशकांत हाच नांगर दख्खनच्या काळ्या जमिनीत सर्वत्र दिसू लागला. नांगराचे काम पाहणाऱ्यासमोर पाव घटकेत सिद्ध होते. तास किती खोल गेले, हरळी उपटली की तुटली, बैल दमले की नाही, हे कोणासही उमगते. अवजारांच्या बाबतीत प्रदर्शन आणि परीक्षा यांच्यातील अंतर जवळजवळ नाहीसे होते, आणि म्हणूनच अवजारांच्या प्रसारास प्रदर्शनांचा खरा उपयोग झाला. बियाण्याचे तसे नाही; त्याचे उत्तर मिळण्यास हंगाम लागतो, आणि विश्वसनीय उत्तरास अनेक हंगाम.

जनावरे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येतात. खिल्लार बैलाचा बांधा, शिंगांची ठेवण व चाल यांत डोळ्यांना दिसणारे व कामास उपयोगी पडणारे असे दोन्ही गुण एकत्र आहेत, त्यामुळे पंढरपूर वा खरसुंडीच्या बाजारातील पारख आणि प्रदर्शनातील क्रमांक यांत फारसा विरोध येत नाही. परंतु हाच मानदंड कोकणात आणला की तो लंगडा पडतो. गुडघाभर चिखलात भातखाचराची चिखलणी करणारा कोकणी बैल बुटका, हलका व काटक असतो. उंचापुऱ्या देखण्या बैलांच्या रांगेत तो उभा केला तर त्याच्याकडे परीक्षकाचे लक्षही जाणार नाही. या जनावरास ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती २०१८ मध्ये. तोपर्यंत शास्त्रीय नोंदीत ते बिनजातीचे गणले जात होते.

भाताच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक तीव्रतेने प्रत्ययास येते, आणि खारेपाटात ती टोकास जाते. पनवेल, पेण, अलिबाग या तालुक्यांतील खाडीकाठी बांध घालून भरतीचे पाणी बाहेर ठेवलेली जी जमीन आहे तीस खारेपाट म्हणतात. उन्हाळ्यात जमिनीतील क्षार केशाकर्षणाने वर येतात व पृष्ठभागावर पांढरी खपली धरते. ज्येष्ठ-आषाढाच्या पावसाने क्षार खाली धुपून जातात. पावसाचे पाणी उघाडीतून ओहोटीच्या वेळी बाहेर सोडावयाचे, भरतीस उघाडी बंद करावयाची, अशी ही व्यवस्था असते. पुरेसा पाऊस झाल्याखेरीज बी टाकता येत नाही. राब भाजून, रोपे करून, लावणी करण्याची गोड्या जमिनीतील रीत येथे सर्वत्र चालत नाही; मोड आणलेले बी चिखलात फेकून पेरण्याची ‘रहू’ पद्धती पुष्कळ ठिकाणी अवलंबिली जाते. पाऊस लवकर उघडला तर फुलोऱ्याच्या वेळीच क्षार पुन्हा वर येतात. उधाणाने बांधास खांड पडली तर त्या वर्षाचे पीक तर जातेच, पण पुढील वर्षांचेही खालावते.

या जमिनीत जे भात परंपरेने तग धरून राहिले त्याचे नाव ‘रत्ता’. त्याचा तांदूळ लाल व जाडा. मेजावर आंबेमोहोराच्या शुभ्र, सुवासिक दाण्याशेजारी किंवा कोळंब्याच्या सडपातळ दाण्याशेजारी रत्त्याची मूठ ठेवली तर ती कनिष्ठ दिसणारच. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तर लाल दाणा हा भेसळीचा दोष आहे. पांढऱ्या तांदळात तो मिसळलेला आढळला की भाव उतरतो. अर्थात् दाण्याचा रंग, आकार व एकसारखेपणा यांना गुण देणारा कोणताही तक्ता रत्त्यास खालचा क्रमांक देईल, आणि त्याच्या मोजमापात काही चूकही काढता येणार नाही. चूक आहे ती प्रश्नात. आंबेमोहोर खारेपाटात पेरला तर तोलण्यास पीकच हाती लागत नाही. मांडवात शेजारी ठेवलेल्या दोन मुठी तुलनीय दिसतात, कारण त्या ज्या जमिनींतून आल्या त्या जमिनी मांडवात आणता येत नाहीत.

संशोधकांना हे उमगले होते, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. मुंबई इलाख्याच्या भातसंशोधनात, ज्याचे एक केंद्र १९१९ पासून कर्जत येथे आहे, एका बाजूने कोळंबा ४२, झिण्या ३१ यांसारखे गोड्या जमिनीचे निवड वाण तयार झाले, तर दुसऱ्या बाजूने रत्त्यातूनही निवड करून ‘काळा रत्ता १-२४’ व ‘भुरा रत्ता ४-१०’ हे वाण पुढे आणण्यात आले. ही निवड खाऱ्या जमिनीतच झाली. प्रदर्शनातील कीर्तीशी तिचा काही संबंध नव्हता.

स्वातंत्र्यानंतर पीकस्पर्धांचे युग आले. एकोणीसशे पन्नासच्या आसपास अखिल भारतीय पीकस्पर्धा सुरू झाल्या, विजेत्यास ‘कृषिपंडित’ ही पदवी देण्यात येऊ लागली, आणि फुल्यांनी सुचविलेल्या पदव्या सुमारे सात दशकांनी वेगळ्या रूपात अवतरल्या. केंद्र शासनात कृषिखात्याची धुरा वाहणारे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी याच काळात जपानी भातशेतीची मोहीम देशभर नेली. तीत गादीवाफ्यावरची रोपे, थोडे बी, ओळीत लावणी, कोळपणी आणि भरपूर खत यांवर भर होता. बोरिवलीच्या कोरा केंद्रात या पद्धतीचे आरंभीचे प्रयोग झाले होते. राब भाजण्याची गरज उरत नाही हा तिचा कोकणातील मोठा लाभ होता. मात्र रहू पेरणीच्या खारेपाटात ओळीत लावणीचा प्रश्नच अनेक ठिकाणी उद्भवत नव्हता, हे मोहिमेच्या भरात फारसे कोणी बोलून दाखविले नाही.

पीकस्पर्धेत मेज गेले व तराजू आला, ही प्रगती निःसंशय होय. परंतु निवडलेल्या कणसाच्या जागी आता निवडलेला तुकडा आला. स्पर्धक आपल्या शेतातील उत्तम भाग स्पर्धेस लावतो, त्यावर एरवी न परवडणारे खत व मजुरी ओततो, आणि निकाल वजनावर लागतो. अमेरिकन मुलांच्या गुणपत्रिकेतील नफ्याचे ३० गुण येथे नव्हते. अशा तुकड्याचे उत्पन्न तालुक्याच्या सर्वसाधारण उत्पन्नाविषयी काहीही सांगू शकत नाही. हे कोडे ज्यांनी शास्त्रीय रीतीने सोडविले ते दोन संख्याशास्त्रज्ञ, डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे, हे महाराष्ट्रीय होत. एकोणीसशे चाळीसच्या दशकात त्यांनी पीककापणीची यादृच्छिक नमुना-पद्धती विकसित केली. गाव, शेत व शेतातील तुकडा ही तिन्ही निवड चिठ्ठी टाकल्याप्रमाणे करावयाची, पाहणाऱ्याच्या मर्जीस वाव ठेवावयाचा नाही. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज वाढून येतो, हेही सुखात्म्यांनी दाखवून दिले. कारण साधे पण सूक्ष्म आहे. सीमारेषेवरचे रोप आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत धरण्याकडे झुकतो. आणि तुकडा जितका लहान तितके त्यात सीमारेषेचे प्रमाण मोठे. परीक्षक प्रामाणिक असूनही देखणेपणाकडे झुकतो, आणि कापणारा प्रामाणिक असूनही भरघोसपणाकडे झुकतो. दोन्ही ठिकाणी नजरेचीच ओढ आहे.

एवढे होऊनही प्रदर्शनाची संस्था क्षीण झाली नाही. भारत कृषक समाजाच्या वतीने पंजाबरावांनी दिल्लीस भरविलेल्या जागतिक कृषिप्रदर्शनाच्या उद्घाटनास ११ डिसेंबर १९५९ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः उपस्थित होते. महाराष्ट्रात आज कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण कृषिप्रदर्शन, सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील प्रदर्शन, माळेगावच्या यात्रेतील पशुप्रदर्शन, अशी परंपरा चालू आहे. यांपैकी शेवटची दोन तर सरळ जत्रेच्याच अंगाने वाढलेली आहेत. बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्राने मांडवातील नमुन्याऐवजी जमिनीत उभे असलेले पीकच दाखविण्याची जी पद्धती स्वीकारली आहे, ती आश्विनातील परीक्षेच्या कल्पनेस अधिक जवळची आहे. तथापि तेथेही बघणाऱ्यास दिसते ते बारामतीच्या मातीतील पीक. खारेपाटातल्या शेतकऱ्यास ते पाहून आपल्या उघाडीमागच्या जमिनीविषयी काय निष्कर्ष काढता येईल, हे सांगणे कठीण आहे.

त्या जमिनीचे उत्तर तेथेच शोधावे लागले. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्रात आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेने १९६६ मध्ये प्रसारित केलेल्या आय. आर. ८ या बुटक्या, भरघोस वाणाचा भुरा रत्ता ४-१० शी संकर करण्यात आला. त्यातून ‘पनवेल १’ हा वाण निघाला, आणि पुढे पनवेल २ व पनवेल ३ हे वाणही खाऱ्या जमिनीसाठी प्रसारित झाले. आय. आर. ८ ची कीर्ती जगभर होती. भुऱ्या रत्त्याचे नाव खाडीकाठच्या काही तालुक्यांपलीकडे फारसे कोणास ठाऊक नव्हते. ‘पनवेल १’ मधील क्षार सोसण्याचा गुण या दुसऱ्याकडून आला आहे.